मैथुनोत्तर कण्डू : निदानातील एक दुर्लक्षित प्रश्न

‘खाली खाज येते’ एवढेच सांगून रुग्ण, विशेषतः स्त्रीरुग्ण, थांबते. ही खाज संबंधानंतर येते हे सांगणे तिला जड जाते आणि ते विचारणे आपल्यालाही अवघड वाटते. परिणामी चिकित्सालयात श्वेतप्रदराची नेहमीची योजना लिहिली जाते, औषधी दुकानात मलमाची एक नळी दिली जाते आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. या तक्रारीत नाडी व जिव्हा यांच्याइतकाच महत्त्वाचा असतो तो काळ. खाज संबंधानंतर किती वेळाने सुरू होते, हा प्रश्न विचारल्याशिवाय चिकित्सेला हात घालू नये.

प्रस्तुत लेखकाकडे काही वर्षांपूर्वी एक नवविवाहित स्त्री आली होती. तीन ठिकाणी कफज योनिव्यापद् समजून उपचार झाले होते; स्राव मात्र जवळजवळ नव्हता. काळ विचारला तेव्हा तिने सांगितले की पाव तासाच्या आत दाह व खाज सुरू होते, किंचित सूज येते आणि सकाळपर्यंत सारे शांत होते. जंतुसंसर्ग असा घड्याळ लावून येत नाही व जातही नाही. कंडोमविषयी विचारता उलगडा झाला. फुगे फुगवताना ओठ सुजतात, हेही तिने मग आपणहून सांगितले. रबराच्या चिकातील प्रथिनांची ही असात्म्यता होती. लॅटेक्सविरहित कंडोम वापरण्यास सांगितल्यावर औषधाची गरजच उरली नाही.

या प्रकारात एक सोपा विवेक उपयोगी पडतो. कंडोम वापरल्यावरच खाज येत असेल, तर लॅटेक्स, त्यावरील वंगण, सुगंध अथवा शुक्रजंतुनाशक द्रव्य यांवर संशय घ्यावा. रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांची प्रतिक्रिया मात्र एकदोन दिवसांनी उमटते. म्हणून ‘त्याच रात्री काही झाले नाही’ या उत्तराने लॅटेक्स कंडोम निर्दोष ठरत नाही. उलट कंडोमविना खाज येते व कंडोम वापरल्यास येत नाही, असे असेल तर शुक्रद्रवातील प्रथिनांची असात्म्यता संभवते. हा विकार विरळा असला तरी काल्पनिक नाही. त्याची पहिली नोंद 1958 मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. त्याचा वंध्यत्वाशी थेट संबंध नाही, हे दांपत्यास आवर्जून सांगावे. दोन्ही स्थितींत खाज राहत असेल तर संसर्ग, त्वचाविकार अथवा रूक्षता शोधावी. संबंधानंतर सर्वांगावर गांधी उठणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काही घडले असेल तर तो आत्ययिक प्रसंग होय; रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

संसर्गजन्य कारणांत कॅन्डिडा या बुरशीचा क्रम वरचा. फाटलेल्या दुधासारखा स्राव, तीव्र कण्डू, आरक्तता, त्वचेला बारीक चिरा आणि संबंधानंतर वाढणारी आग ही त्याची लक्षणे. प्रतिजैविके, गर्भावस्था व मधुमेह ही त्याची भूमी आहे. वारंवार तक्रार येत असल्यास रक्तशर्करा तपासल्याशिवाय राहू नये. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकतात, त्यामुळे स्त्री-पुरुष दोघांतही ही बुरशी वाढते. ही औषधे आता सर्रास दिली जातात. रुग्णाची जुनी चिठ्ठी पाहावी. पुरुषात शिश्नमण्यावर लाली, पांढरा थर व अग्रचर्म मागे न सरकणे आढळल्यास हाच विचार प्रथम करावा.

ट्रायकोमोनास या परजीवीने पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ स्राव व खाज होते. पुरुषात तो बहुधा लक्षणांविना राहतो, म्हणून पत्नीवर एकटीवर उपचार केल्यास संसर्ग परत येतो. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत आणि ते पूर्ण होईपर्यंत संबंध वर्ज्य करावा. येथे आधुनिक औषध आवश्यक आहे. त्यासाठी पाठविण्यास संकोच नको. शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये ही सोय विनामूल्य असते. हा संसर्ग शरीरात कित्येक महिने सुप्त राहू शकतो, तेव्हा त्यावरून कोणी कोणाशी प्रतारणा केली असा निष्कर्ष वैद्याने काढू नये व सासरच्या मंडळींनाही काढू देऊ नये. निष्काळजीपणे उच्चारलेल्या एका वाक्याने संसार मोडू शकतो.

संबंधानंतर माशासारखा वास येत असेल व खाज गौण असेल, तर योनीतील उपकारक जंतूंचा तोल बिघडलेला असतो. निरोगी योनीचा सामू 3.8 ते 4.5, तर शुक्राचा 7.2 ते 8.0; या क्षारतेमुळे वास उफाळतो. सामूपट्टी स्वस्त असते, परंतु संबंधानंतर लगेच वा मासिक पाळीत घेतलेली नोंद विश्वसनीय नसते.

रजोनिवृत्तीनंतरची रूक्षता व घर्षण, जांघेतील नायटा आणि रात्री वाढणारी, घरात इतरांनाही असलेली खरूज यांचा उल्लेख पुरेसा आहे. प्रौढ स्त्रीत त्वचा पांढरी, पातळ होऊन संबंधाच्या वेळी चिरत असेल तर मात्र विशेषज्ञाचे मत घ्यावेच. अशा त्वचेत क्वचित कर्करोग उद्भवतो.

आपल्या ग्रंथांचे या विषयातील निरीक्षण सूक्ष्म आहे. चरकांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात अधावनाने जंतू उत्पन्न होऊन होणारी कण्डूयुक्त अचरणा वर्णिली. वाग्भटांनी जवळपास हेच चित्र विप्लुता या नावाने रेखाटले. सुश्रुतांनी उपदंशाच्या हेतूंत अस्वच्छ जलाने प्रक्षालन आणि मैथुनान्ती अप्रक्षालन हे दोन्ही मोजले आहेत. यावरून रोज त्रिफळा वा तुरटीच्या पाण्याने योनीचा अंतर्भाग धुण्याचा सल्ला देणे मात्र योग्य नव्हे. योनिधावन ही निदानानंतर, वैद्याच्या देखरेखीखाली करावयाची क्रिया आहे. घरगुती दैनंदिन धावनाने उपकारक जंतू वाहून जातात. बाहेरून साधे पाणी पुरे. साबण व जंतुनाशक द्रव टाळावेत.

तैलपिचू योजताना आणखी एक दक्षता घ्यावी. तेलाने लॅटेक्स अल्पावधीत दुबळे होऊन कंडोम फाटतो. जात्यादि तैलाचा पिचू चालू असताना दांपत्य कंडोमवर विसंबून असेल, तर त्यांना ही कल्पना आधीच द्यावी. ग्रंथात ही सूचना सापडणार नाही.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. क्लोबेटासॉल वा बीटामेथासोनयुक्त मिश्र मलम लावताच दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ग्राहक पुन्हा तीच नळी मागतो. त्या अवधीत बुरशी पसरते, नाजूक त्वचा पातळ होते आणि पुढे कोणत्याही वैद्याला मूळ रूप ओळखता येत नाही. चिठ्ठीविना अशी नळी मागणाऱ्यास ती न देता, गर्दीपासून थोडे बाजूला घेऊन, आधी किती नळ्या संपल्या एवढे विचारावे आणि तपासणीसाठी पाठवावे.