पुस्तक बदलले, प्रश्न तोच

ज्या समाजसुधारक बसवण्णांचे नाव बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला लाभले, त्यांच्यावरच्याच नववीच्या धड्यावरून 2022 मध्ये कर्नाटकात रान उठले. पाठ्यपुस्तकांसाठीच्या बरगूर रामचंद्रप्पा समितीच्या काळातला मजकूर नंतरच्या रोहित चक्रतीर्थ समितीने बदलला आणि लिंगायत मठाधीशांनी हरकत घेतली. 2023 मध्ये सरकार पालटले आणि चक्रतीर्थ समितीने घातलेले काही धडे वगळले गेले. या सगळ्या गदारोळात नववीच्या मुलांपुढे एका वेळी एकच मजकूर आला. खरे तर दोन्ही मजकूर बाकावर शेजारी ठेवून 'काय बदलले, का बदलले असेल, पुरावा कोणता?' एवढेच विचारले असते, तरी चिकित्सक विचाराचा आयता तास झाला असता.

घोकंपट्टी सोडा, शाळेतले ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, हे 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आणि 2023 च्या आराखड्याने ते नव्याने मांडले. घोडे अडते परीक्षेपाशी.

2024 मध्ये कर्नाटकात दहावीच्या परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावून वेबकास्टिंग सुरू झाले. राज्याचा निकाल 83.89 टक्क्यांवरून 73.40 वर आला, आणि तोही ग्रेसचे गुण वाढवून! 2025 मधल्या पहिल्या दहावी परीक्षेत कलबुर्गी जिल्हा सुमारे 42 टक्क्यांसह राज्यात तळाला गेला. यात मुलांच्या बुद्धीला बोल लावण्यात अर्थ नाही. गाईडातले उत्तर जसेच्या तसे उतरवले की गुण, हा व्यवहार मोठ्यांनीच लावून दिलेला आहे.

वेगळा प्रश्न विचारायला बिदरसारखी जागा शोधून सापडणार नाही. शहराजवळ नौबाद येथे बहामनी काळातला करेझ आहे: जमिनीखाली खोदलेला पाण्याचा बोगदा आणि त्यावर अंतराअंतराने विहिरीसारखी तोंडे. 'करेझ कोणत्या काळातला?' याचे उत्तर एका ओळीत संपते. तेच, पठारावरच्या जांभ्या दगडातून पाणी कसे झिरपते, पंपाशिवाय ते पुढे कसे वाहते, ही तोंडे कशासाठी ठेवली असतील, असे विचारले तर भूगोल, विज्ञान आणि इतिहास एकाच दुपारी कामाला लागतात. मुले दोरीने खोली मोजतील, नकाशा काढतील, भांडतीलही. भांडू द्यावीत.

भांडायला भाषा मात्र हाताशी हवी. जिल्ह्यातल्या औराद, भालकी, बसवकल्याण या तालुक्यांत कित्येक घरांत मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी चालते. कर्नाटकाची पाठ्यपुस्तके मराठीतही निघतात. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये अहवाल दिला. पाचवीपर्यंतचे शिक्षण कन्नड किंवा मातृभाषेतून द्यावे आणि शाळेत भाषा दोनच असाव्यात, अशी त्याची शिफारस आहे. पहिली मराठी आणि दुसरी इंग्रजी धरली, तर 2015 च्या कायद्याने सक्तीची झालेली कन्नड कोणत्या तासाला बसवायची, हा पेच सीमाभागातल्या मराठी शाळांपुढे उभा राहतो.