सव्वीस इंचांचा घोळ

सायकल जितकी जुनी, तितके तिचे सुटे भाग मिळणे कठीण, असे कुणीही गृहीत धरेल. वाशिम जिल्ह्यात शोध घेऊ लागलो की अनुभव उलटा येतो. १९६० च्या आसपासची काळी, जड, सळईच्या ब्रेकची सायकल असेल, तर तिचे ब्रेक-रबर, सळया आणि टायर आजही तालुक्याच्या गावी बहुधा मिळून जातात. १९९० च्या दशकातली माउंटन सायकल दुकानापुढे उभी केली, की मिस्त्री ब्रेककडे बघतो आणि म्हणतो, "हे आता येत नाही. पूर्ण सेट बदलून टाकू." तीस-पस्तीस वर्षांची सायकल साठ वर्षांच्या सायकलीआधी निराधार झाली, ती कशी, आणि तिला तिच्या काळाला शोभणारे ब्रेक व टायर कसे मिळवायचे, हे इथे मांडायचे आहे.

काळ्या सायकलीचे कोडे सोपे आहे. तिचा मूळ नमुना इंग्रजी. स्वातंत्र्यानंतर भारतीय कारखान्यांनी तोच उचलला आणि दशकानुदशके जवळजवळ बदलला नाही. मुंबईची हिंद सायकल आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे १९८० मध्ये कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे त्या इतिहासजमा झाल्या. तरी हिंद सायकलीला ब्रेकची सळई हवी असेल, तर लुधियान्यात दुसऱ्याच कुणासाठी बनलेली सळई थोडीफार वाकवून बसते. शिवाय या सायकलीला अजून काम आहे. दुधाचे कॅन लटकवणारा गवळी, मागचे चाक स्टँडवर फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारा, चाऱ्याचा भारा आणणारा शेतकरी यांना तीच लागते. गिऱ्हाईक आहे म्हणून माल आहे.

माउंटन सायकलीचे तसे नाही. ती आपल्याकडे आली हौसेची वस्तू म्हणून. जाड टायर, आडवे सरळ हँडल, बहुतेकींना गिअर नाहीतच. हिरोची रेंजर इतकी पसरली, की अनेकांच्या तोंडी कोणत्याही कंपनीची अशी सायकल 'रेंजर'च झाली. हौसेच्या वस्तूचे भाग फॅशनबरोबर बदलतात. दर काही वर्षांनी ब्रेकची जात बदलली आणि आधीच्या जातीचे सुटे भाग बाजारातून नाहीसे झाले.

या सायकलीचा जन्मच ब्रेकच्या तक्रारीतून झाला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, बोजड अमेरिकन सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या उतारावरून सोडत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पेडल उलटे दाबले की लागे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. १९७६ मध्ये तिथे सुरू झालेल्या शर्यतीला 'रिपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', हे नाव त्यावरूनच पडले. मग त्यांनी मोटारसायकलीचे लिव्हर आणि लांब पल्ल्याच्या सायकलींचे कँटिलिव्हर ब्रेक आणून बसवले. टायर मात्र जुन्याच मापाचे राहिले : २६ × २.१२५. हे माप श्विन कंपनीने १९३३ मध्ये अमेरिकेत आणलेल्या फुगीर टायरचे. मंगरूळपीरच्या एखाद्या गोठ्यात पडलेल्या रेंजरच्या टायरवर हाच आकडा वाचायला मिळतो, तो असा फिरत आलेला आहे.

आणि घोळ या आकड्यातच आहे. टायरच्या बाजूवर '२६' छापलेले असते, पण ते फुगलेल्या टायरचे ढोबळ बाहेरचे माप. टायरची कड रिममध्ये जिथे बसते, तिथला व्यास वेगळाच असतो, आणि खरा महत्त्वाचा तोच. २६ × २.१२५ किंवा २६ × १.९५, म्हणजे दशांश चिन्ह असलेला टायर, ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसतो. २६ × १-१/२ ला ५८४ मिलिमीटरची रिम लागते. २६ × १-३/८, जो आपल्याकडच्या हलक्या 'एसएलआर' धाटणीच्या सायकलींना असतो, त्याला ५९०. गणितात १.७५ आणि १-३/४ एकच; सायकलीच्या बाजारात २६ × १.७५ हा ५५९ चा आणि २६ × १-३/४ हा ५७१ चा टायर. दशांश आणि अपूर्णांक यांत अदलाबदल चालत नाही, एवढा नियम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

याहून मोठी गंमत पुढे आहे. आज दुकानात 'साडेसत्तावीस' म्हणून जी नवी माउंटन सायकल विकतात, तिची रिम ५८४ ची, म्हणजे जुन्या २६ × १-१/२ चीच. 'एकोणतीस' म्हणून विकतात तिची ६२२ ची. आपल्या काळ्या सायकलीच्या 'अठ्ठावीस दीड'ची रिम मात्र ६३५ ची. एकोणतिशीपेक्षा अठ्ठाविशी मोठी! आकड्यावर विश्वास ठेवणाऱ्याने काय करावे?

त्याने रिम मोजावी. टायर-ट्यूब काढून, कड जिथे टेकते त्या खांद्यावरून न ताणणारी कागदी पट्टी फिरवायची, तिची लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि ३.१४ ने भागायचे. पट्टी १७५६ च्या आसपास आली तर रिम ५५९ ची, १८३५ आली तर ५८४ ची, १८५३ आली तर ५९० ची. नव्या टायरवर बारीक अक्षरांत '५४-५५९' असा जोडआकडाही असतो : पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास. आंतरराष्ट्रीय मानक तेच आहे आणि दुकानदाराला तोच आकडा सांगावा. हा नुसता हौशी काटेकोरपणा नाही. ५९० चा टायर ५८४ च्या रिमवर हाताने सहज चढतो, हवाही भरली जाते, आणि उतारावर कड निसटून ट्यूब फुटते. पुढचे चाक असेल तर माणूस तोंडावर पडतो.

माप जुळले की प्रश्न उरतो काळाला शोभण्याचा. इथे हौशी मंडळींचे आणि माझे पटत नाही. त्यांना त्याच वर्षाचा, न वापरलेला, दुकानाच्या माळ्यावर राहिलेला टायर हवा असतो. रबर नुसते ठेवूनही म्हातारे होते. हवेतला ओझोन आणि उष्णता त्याला तडे पाडतात, आणि विदर्भातल्या पत्र्याच्या माळ्यावरचे उन्हाळे तर विचारूच नका. असा टायर हातात घेऊन बाजूला वाकवावा. जाळीसारख्या चिरा दिसल्या तर तो भिंतीवर टांगण्यापुरता. रबर आजचे असावे, घडण जुनी असावी. उठावदार चौकोनी ठोकळ्यांची नक्षी आणि मूळ टायर तसा असेल तर तपकिरी बाजू, एवढे जुळले की डोळ्यांना काळ दिसतो. २६ × २.१२५ अजून बनतो, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे.

ब्रेकचे तसे नाही. जुन्या माउंटन सायकलीच्या कँटिलिव्हर ब्रेकमध्ये चिमट्याच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे हात असतात. त्यांना जोडणारी आडवी तार मधोमध वर खेचली, की दोन्ही रबरे रिमवर दाबली जातात. १९९६ च्या सुमारास शिमानोने व्ही-ब्रेक बाजारात आणला. आपले मिस्त्री त्याला 'पॉवर ब्रेक' म्हणतात. त्याचे हात लांब आणि तार एका बाजूने आडवी जाणारी. दोन्ही ब्रेक त्याच खुंट्यांवर बसतात, म्हणून मिस्त्री नुसते हात बदलतो आणि जुने लिव्हर तसेच ठेवतो. पण व्ही-ब्रेकला साधारण दुप्पट तार खेचली जावी लागते. जुन्या लिव्हरने ती खेचली जात नाही. लिव्हर हँडलला टेकतो, किंवा टेकण्याआधी ब्रेक एकदम झडप घालतो. उलट, नवा लिव्हर आणि जुना कँटिलिव्हर ही जोडी हाताला कडक लागते, पण कितीही दाबा, चाक हवे तसे थांबत नाही. म्हणून लिव्हर आणि ब्रेक एकाच जातीचे घ्यावेत.

परदेशातून कुणा नातेवाइकाबरोबर आलेल्या १९८६ ते १९८९ च्या दरम्यानच्या सायकलीत आणखी एक प्रकार भेटतो : मागचा ब्रेक पेडलांच्या मागे, खालच्या नळ्यांच्या पोटाखाली बसवलेला यू-ब्रेक. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात त्या जागी चिखलाचा गोळा होतो आणि चाकच फिरेनासे होते. त्याच्या खुंट्या रिमच्या वर असतात, त्यामुळे तिथे कँटिलिव्हर किंवा व्ही-ब्रेक बसतच नाही. कसरतीच्या लहान बीएमएक्स सायकलींसाठी मात्र असे ब्रेक अजून बनतात आणि पुष्कळदा ते बसतात. त्याचे रबर झिजत जाते तसे वर टायरकडे सरकते आणि टायरची बाजू कापते; कँटिलिव्हरचे रबर खाली आऱ्यांकडे घसरते. महिन्यातून एकदा वाकून बघावे.

रबर निवडताना रिमचा धातू पाहावा. आपल्याकडच्या जुन्या माउंटन सायकलींच्या रिम बहुधा क्रोम केलेल्या लोखंडाच्या. अशी रिम ओली झाली की ब्रेक लागायला बराच वेळ घेतो, आणि ॲल्युमिनियमसाठी केलेली महागडी रबरे तिच्यावर फारशी चालत नाहीत. साधे काळे मऊ रबर बरे. जुने शिल्लक रबर मिळाले, तर त्याचा कडक झालेला थर पॉलिश पेपरने घासून काढावा. आत मऊ असेल तर वापरावे, नाहीतर सोडून द्यावे.

हे सगळे मिळवायचे कुठे? मुंबईत काळबादेवी, दिल्लीत झंडेवालान आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नेहमीची नावे. त्यांच्याआधी आपल्याच भागातली, आता मोटारसायकलीचे पंक्चर काढून पोट भरणारी जुनी सायकल दुकाने पालथी घालावीत. तिथे 'जुन्या रेंजरचा ब्रेक आहे का' असे विचारले, तर उत्तर नाही असेच येते. तुटका नमुना हातात ठेवला, की मालक थोडा वेळ तो फिरवून बघतो आणि मागच्या खोलीतला डबा काढतो. भंगारवाल्याकडे पूर्ण सायकल मिळत असेल तर पूर्णच घ्यावी, कारण आडवी तार, तिचा मधला आकडा आणि खुंट्यांच्या स्प्रिंगा सुट्या कधीच मिळत नाहीत. स्प्रिंग डावी-उजवी वेगळी असते. काढतानाच खूण करून ठेवावी. उतरवलेले जुने रबर आणि टायरचा छापील आकड्याचा तुकडा टाकू नये. एका पिशवीत, सायकलीचे नाव आणि काढल्याची तारीख लिहून, सीटखाली बांधून ठेवावा. पुढच्या वेळी दुकानदारापुढे ठेवायला तोच नमुना कामी येतो.