विद्युत कपडे-वाळवणी यंत्रातील उष्णतेचे बिघाड

विद्युत कपडे-वाळवणी यंत्र अर्थात ड्रायर हे ओले कपडे गरम हवेच्या झोतात फिरवून त्यांतील पाण्याची वाफ करणारे घरगुती उपकरण आहे. 'ड्रम फिरतो, पण कपडे गरम होत नाहीत' ही या यंत्राबाबत नेहमी आढळणारी तक्रार होय. अशा वेळी हीटर जळाला असावा असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अनेकदा हवेचा मार्ग तुंबलेला असतो आणि हीटर किंवा थर्मल फ्यूज निकामी होणे हा त्याचा परिणाम असतो.

नावाचा घोळ

भारतात अर्धस्वयंचलित धुलाई यंत्राच्या दुसऱ्या टबालाही सर्रास 'ड्रायर' म्हणतात. हा टब वेगाने फिरून केवळ कपड्यांतील पाणी बाहेर फेकतो. त्यात हीटर नसतोच. त्यातून निघालेले कपडे गार आणि दमट असणे हा बिघाड नव्हे. प्रस्तुत लेखातील माहिती हीटर असलेल्या यंत्रांना लागू पडते.

पुण्यातील वापर

जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत पुण्यात कपडे वाळवणे ही घरोघरची अडचण असते. स्वारगेट आणि लगतच्या शुक्रवार पेठ, घोरपडे पेठ, मुकुंदनगर या परिसरांत जुने वाडे आणि नव्या सदनिका शेजारीशेजारी आहेत. गच्ची किंवा अंगण वाट्याला नसलेल्या घरांत कपडे खोलीतच दांडीवर वाळत घालावे लागतात. अशा घरांत ड्रायर बहुधा न्हाणीघरात किंवा काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत बसवला जातो. हवा बाहेर सोडणाऱ्या प्रकारच्या यंत्राची नळी तेथे खिडकीबाहेर काढली नाही, तर बाहेर टाकलेली दमट हवाच यंत्र पुन्हा आत ओढते. हीटर उत्तम चालत असूनही कपडे ओलसर राहतात आणि दोष हीटरला दिला जातो.

किती वेळ लागणे स्वाभाविक आहे, याचा हिशोब सोपा आहे. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६७ युनिट वीज लागते. चांगले पिळूनही ५ किलो सुती कपड्यांत साधारण ३ लिटर पाणी उरते. म्हणजे २ किलोवॉटच्या हीटरला किमान एक तास लागणारच, आणि उष्णता वाया जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. नीट न पिळलेले कपडे घातल्यास हा वेळ सहज दुप्पट होतो. म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी पिळाई तपासावी.

विजेचा दाब आणि परदेशी मार्गदर्शन

अमेरिकेतील विद्युत ड्रायरमध्ये सामान्यतः हीटर २४० व्होल्टवर, तर मोटर १२० व्होल्टवर चालते. तेथे दोन वाहिन्यांपैकी एक बंद पडली, की ड्रम फिरत राहतो आणि उष्णता मात्र नाहीशी होते. त्यामुळे तेथील माहितीपुस्तिकांत 'प्रथम ब्रेकर पाहा' हा सल्ला अग्रक्रमाने येतो. पुण्यातील घरांत मात्र मोटर आणि हीटर दोन्ही एकाच २३० व्होल्ट सिंगल फेजवर चालतात. येथे ड्रम फिरत असेल, तर यंत्रापर्यंत वीज पोहोचत आहे हे उघड आहे. उष्णता मुळीच नसल्यास दोष यंत्रातच शोधावा.

उष्णता आहे पण कमी आहे, अशी स्थिती असल्यास विजेचा दाब पाहावा. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २,००० वॉट देणारा हीटर १९० व्होल्टवर सुमारे १,३६५ वॉटच देतो. असा हीटर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्यासाठी १६ अँपिअरचा अर्थिंगयुक्त सॉकेट आवश्यक आहे. वाड्यांतील जुन्या वायरिंगवर ६ अँपिअरच्या सॉकेटला अडॅप्टर जोडून ड्रायर चालवल्यास यंत्राआधी प्लगच तापू लागतो.

हवेचा मार्ग

कपड्यांतून सुटणारे बारीक तंतू जाळीत अडकतात. जाळी प्रत्येक वापरानंतर साफ न केल्यास झोत मंदावतो, हीटरभोवतीची हवा प्रमाणाबाहेर तापते आणि थर्मोस्टॅट हीटर वारंवार बंद करतो. यंत्र आरंभी गरम आणि पुढे कोमट होत असल्यास हे कारण बहुधा असते. तापमान आणखी चढल्यास थर्मल फ्यूज वितळतो. तो एकदाच काम करतो आणि बदलावाच लागतो. जाळी, नळी किंवा कंडेन्सर साफ न करता केवळ फ्यूज बदलल्यास नवा फ्यूजही लवकरच जातो.

फ्यूज काढून तेथे तारेचा तुकडा जोडण्याची 'जुगाडी' दुरुस्ती अत्यंत धोकादायक आहे. त्यामुळे आगीपासूनचे अखेरचे संरक्षणच नाहीसे होते. साचलेले तंतू हीटरवर पडून आग लागण्याचा धोका काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये हॉटपॉइंट, इंडेसिट आदी नावांनी विकलेल्या यंत्रांत हाच दोष आढळल्यावर व्हर्लपूल कंपनीने २०१५ मध्ये लाखो यंत्रांच्या दुरुस्तीची मोहीम जाहीर केली, आणि दुरुस्त न झालेली यंत्रे २०१९ मध्ये परत मागवावी लागली.

विद्युत तपासणी

ही तपासणी प्लग काढून, यंत्र थंड झाल्यावर आणि जाणकारानेच करावी. हीटरच्या एका टोकाची वायर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजतात. २,००० वॉटच्या निक्रोम हीटरचा रोध सुमारे २६ ओहम भरतो. अनंत रोध दिसल्यास तार तुटलेली असते. हीटरचे टोक आणि धातूचे आवरण यांत जोड आढळला, तर तार आवरणाला टेकली आहे असे समजावे. अशा यंत्राने घरातील ईएलसीबी पडतो. तो 'उगाच पडतो' म्हणून काढून टाकणाऱ्यास जिवाची किंमत मोजावी लागू शकते. थर्मल फ्यूजचा रोध जवळजवळ शून्य असावा. हे सर्व सुस्थितीत असल्यास तापमापक थर्मिस्टर, हीटरचा रिले आणि मोटरवरील स्विच तपासतात. मोटरने पुरेसा वेग घेतल्यावरच हा स्विच हीटरला वीज देतो; सर्व यंत्रांत तो नसतो.

उष्णता-पंप यंत्रे

या यंत्रांत हवा तापवण्याचे मुख्य काम निक्रोम तारेऐवजी कॉम्प्रेसर आणि शीतक द्रव्य करतात. त्यांचे तापमान मुळातच कमी असल्याने कपडे कोमट लागणे हा दोष नाही. जाळी स्वच्छ असून आणि कॉम्प्रेसर चालू असूनही उष्णता नसेल, तर शीतकाची गळती संभवते. तिची दुरुस्ती प्रशिक्षित तंत्रज्ञानेच करावी. वाड्याच्या अरुंद जिन्यातून आडवे करून वर नेलेले असे यंत्र काही तास सरळ उभे ठेवल्याशिवाय सुरू करू नये, कारण कॉम्प्रेसरमधील तेल परत जागेवर उतरण्यास तेवढा अवधी लागतो.