फिल्टर माळ्यावर गेला ते दशक

कॉफीच्या पुडीचा भाव गेल्या दोन वर्षांत असा चढला की सीमाभागातल्या घराघरांत एक जुनंच वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागलं आहे: कॉफी आता परवडत नाही, चहाच बरा. भाववाढीची कारणं खरी आहेत. ब्राझील आणि व्हिएतनाम या दोन सर्वांत मोठ्या उत्पादक देशांत पावसाने दगा दिला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली. १९७७ सालचा उच्चांकही मागे पडला. चिक्कमगळूर-कोडगूचा बागायतदार त्याच बाजाराकडे बघून माल विकतो, तेव्हा बेळगावच्या वाण्याकडची पुडी महागली यात नवल नाही. पण जी कॉफी सोडायची भाषा चालली आहे, ती मुळात कितपत कॉफी होती, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या घरची कॉफी महागाईने बिघडलेली नाही. ती १९९० ते २००० या दहा वर्षांत बिघडली, आणि भावापेक्षा आपण टाकून दिलेल्या कृतीने ती जास्त बिघडवली. आज पुडी महाग झाली असताना तर ती कृती परत आणण्याला पूर्वीपेक्षा अधिक अर्थ आहे.

मागचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात मोखाहून सात बिया आणून चिक्कमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही परंपरेने आलेली कथा सर्वांना ठाऊक आहे. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड आलं आणि बागायतदाराला आपला सगळा माल बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालणं बंधनकारक झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, निपाणी, खानापूर हा सगळा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून इथे एक समज मूळ धरून बसला: चहा आपला, कॉफी त्यांची. हा समज पुराव्याला टिकत नाही. ‘बुंद’ हा कॉफीच्या बियांसाठीचा शब्द मराठीत राज्य पुनर्रचनेच्या कितीतरी आधीपासून आहे, आणि कानडीतही तोच अरबी शब्द बसला आहे. दुधात उकळलेली, वर जायफळ किसून घातलेली कॉफी ही तर अस्सल मराठी घरची चीज. ती ना मद्रासची, ना म्हैसूरची. खुद्द तमिळ मुलखातही कॉफी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती तिथल्या मध्यमवर्गात शिरली तेव्हा परकं व्यसन म्हणून तिच्यावर केवढी टीका झाली, ते इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी तपशिलाने मांडलं आहे. राहिली निपाणी. तंबाखूच्या वखारींचं ते गाव चहावर चाललं, कारण कोल्हापूर तिथून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. चहा-कॉफीची हद्द महामार्गावर हळूहळू सरकत जाते, नकाशातल्या रेषेवर ती कधीच उभी नव्हती. त्यामुळे फिल्टर कॉफी ‘आपली नाही’ हा आक्षेप मी बाजूला ठेवतो.

आता ते दशक. नव्वद साल उजाडलं तेव्हा सीमाभागातल्या कॉफी पिणाऱ्या घरात पितळी किंवा स्टीलचा फिल्टर होता. बंगळूर-हुबळीकडून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत पुडी असे. पीबेरी आणि प्लांटेशन या प्रतींच्या बिया किती, चिकोरी किती हे दुकानदाराला सांगून समोर दळून घेतलेली. पुडीचा कागद तेलकट व्हायचा, पिशवी उघडली की खोलीभर वास सुटायचा. बोर्डाच्या साठ्याच्या पद्धतीत दोष पुष्कळ होते. बागायतदाराला पैसे उशिरा मिळत आणि उत्तेजन असं काही नसे. पण देशातल्या विक्रीचा लिलाव निर्यातीच्या लिलावापासून वेगळा होता, म्हणून जगातल्या भावाचा धक्का घरच्या डब्यापर्यंत पोचत नसे. १९९२ पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुटत गेली. १९९४ च्या जून-जुलैत ब्राझीलमध्ये लागोपाठ दोनदा हिमतुषार पडले आणि जगातले भाव काही आठवड्यांत दुपटीच्या वर गेले. बागायतदाराने निर्यातीकडे पाहिलं, आणि त्याला दोष देण्याचं कारण नाही. त्याने अर्धं शतक वाट पाहिली होती. १९९६ मध्ये बाजार सर्वांसाठी पूर्ण मोकळा झाला. त्याला यंदा तीस वर्षं होतात. त्याच साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं. कॉफी रस्त्यावर दिमाखात आली आणि घरातला फिल्टर माळ्यावर गेला, हे दोन्ही एकाच वेळी घडलं.

भावामुळेच फिल्टर माळ्यावर गेला, असं कोणी म्हणेल. मला ते पटत नाही, आणि त्याला आधार आहे. दशक संपता संपता जगातले कॉफीचे भाव कोसळले. २००१-०२ पर्यंत ते तीस वर्षांच्या नीचांकाला गेले आणि कर्नाटकातले बागायतदार कर्जात बुडाले. भावच कारण असता तर तेव्हा फिल्टर खाली यायला हवा होता. तो आला नाही, कारण दरम्यान सवय बदलली होती. इन्स्टंट कॉफी भारतात साठच्या दशकापासून बनत होती, १९८९ मध्ये म्हैसूरजवळ नंजनगूडला नेस्लेचा कारखाना उभा राहिला, आणि पुढच्या काही वर्षांत काचेची बाटली दिवाणखान्यातल्या शोकेसपर्यंत पोचली. पाहुण्याला फिल्टरची कॉफी देणं जुनाट आणि बाटलीतली देणं सुधारलेलं, अशी एक समजूत त्या काळात पसरली. तिच्यावर माझा राग आजही आहे, कारण तिने चव नव्हे, प्रतिष्ठा पाहिली. कपात चमचाभर इन्स्टंट, साखर आणि चार थेंब पाणी घालून ते फिकट होईपर्यंत फेटत बसायचं, ही त्या दशकाची खूण. पंधरा मिनिटं मनगट दुखवून फेस मिळे. तेवढ्या वेळात फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरलं असतं, आणि त्यात हाताला कष्टही नव्हते. लग्नकार्यांत याच काळात ‘एस्प्रेसो’ नावाचं फुसफुसणारं यंत्र आलं. त्यातून वाफेने उकळलेल्या दुधात इन्स्टंटची चिमूट आणि वर चॉकलेटची भुकटी मिळे. इटलीतल्या एस्प्रेसोशी त्याचा नावापलीकडे संबंध नव्हता. पण एक गोष्ट त्या यंत्राजवळ होती आणि तिनेच लोकांना जिंकलं: ती कॉफी कढत असे.

इथे मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. फिल्टरविरुद्ध जी तक्रार त्या काळात सर्वांत जास्त चालली, ती ‘फिल्टरची कॉफी कोमट लागते’ ही, आणि ती खोटी नव्हती. फक्त तिचं उत्तर कोणी शोधलं नाही. हिशेब करून पाहावा. रात्री लावलेलं डिकॉक्शन बेळगावच्या डिसेंबरातल्या सकाळी २० अंशांवर आलेलं असतं. त्याचं ४० मिली घेऊन त्यात ९५ अंशांचं १०० मिली दूध ओतलं तर मिश्रण ७४ अंशांच्या आसपास येतं. ते जाड चिनी मातीच्या गार कपात ओतलं की कप पंधरा अंशांपर्यंत उष्णता स्वतःच पिऊन टाकतो. राहिली साठीच्या आतबाहेरची कॉफी. तिला कोमटच म्हणायचं. यावर सर्रास केला गेलेला उपाय म्हणजे डिकॉक्शन दुधात घालून सगळंच उकळवणं, चहासारखं. त्याने कॉफी गरम झाली आणि मेली. उकळीत सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरात जातो, कपात कडवटपणा तेवढा उरतो. खरा उपाय साधा आहे. फिल्टरचं खालचं भांडं कढत पाण्याच्या पातेल्यात पाच मिनिटं ठेवावं. डिकॉक्शन ६० अंशांवर आलं की त्याच मापात मिश्रण ८५ वर जातं; अकरा अंशांचा फरक, एकही उकळी न देता. कप गरम पाण्याने विसळून घ्यावा, किंवा पातळ स्टीलचा पेला वापरावा. धातू बोटाला चटका देतो पण वजनाने हलका असल्यामुळे कॉफीतली उष्णता फार कमी खातो. पेला आणि वाटीतून उंच धार धरून फेस काढायचा तर दोनदाच. त्यापुढची प्रत्येक धार म्हणजे वारा घालणं.

पाण्याबद्दलही एक गैरसमज आहे. हल्ली उकळतं पाणी कॉफी जाळतं, ९२ ते ९६ अंशच हवेत, असं वाचून लोक किटली खाली ठेवून वाट पाहतात. समुद्रकाठच्या गावाला तो सल्ला ठीक असेल. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे; इथे पाणी मुळात ९७.५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि फिल्टरच्या गार धातूला लागताच ते आणखी उतरतं. इथे उकळी फुटली की लगेच ओतावं. तीन मोठे चमचे पूड, हलकीच दाबलेली. घट्ट दाबली तर पाणी अडून बसतं, सैल ठेवली तर सरळ खाली पळतं. आधी पूड भिजेल इतकंच पाणी, अर्धा मिनिट थांबून उरलेलं, एकूण शंभर-सव्वाशे मिली. पहिलं डिकॉक्शन तेच खरं. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून काढलेलं दुसरं फक्त रंग देतं. आपल्याकडे हे अधिकच लागू आहे, कारण इथलं दूध म्हशीचं. जे दूध आटवून कुंदा होतो, त्या दुधात पातळ डिकॉक्शन हरवून जातं. दूध दाट तर डिकॉक्शनही दाट, ही जोडी सांभाळली नाही तर नुसतं तपकिरी दूध हाती येतं.

इन्स्टंटच्या बाजूने दोन आक्षेप उरतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला खर्चाचा. एका कपाला इन्स्टंट दोन ग्रॅम लागते, फिल्टरची पूड आठ-दहा ग्रॅम. पिशव्यांचा भाव काही असो, कपामागे फिल्टर बहुधा महागच पडतो, हे मान्य करायला हवं. पण दिवसातून चार फिकट कपांऐवजी दोन नीट कप प्यायले तर हिशेब जवळ येतो, आणि भाव चढलेला असताना दहा ग्रॅममधलं सगळं कपात उतरवणारी कृती कामाची, अर्धं चोथ्यात सोडणारी नव्हे. दुसरा आक्षेप चिकोरीचा: फिल्टरची पूड तरी कुठे शुद्ध असते? चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नाही, सुगंधही बेताचा, पण रंग आणि दाटपणा आहे. पंधरा-वीस टक्के असली तर दुधाच्या कॉफीला ती आधार देते, असं माझं मत आहे. कायदा मात्र मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालवून घेतो. प्रमाण पाकिटावर छापणं बंधनकारक आहे, बारीक अक्षरांत का होईना. कॉफीच्या भावाने निम्मं मूळ घरी आणायचं नसेल तर ती ओळ वाचावी. भाव चढतात तेव्हा तीच ओळ हळूच बदलते.

आता फिल्टरला पर्याय म्हणून पुण्या-बंगळूरच्या दुकानांतून नवी साधनं आली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला आकस नाही. इटलीत १९३३ मध्ये आलेला मोका पॉट आपल्या दुधाच्या कॉफीला उत्तम चालतो, कारण तोही डिकॉक्शनच देतो, तेही कढत आणि पाच मिनिटांत. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी घालावं, आच मंद ठेवावी आणि गुरगुर सुरू होताच उतरवावा. पुढे जे येतं ते करपलेलं असतं. फ्रेंच प्रेसमध्ये जाडसर पूड चार मिनिटं मुरते. ती बिनदुधाच्या कॉफीची रीत. त्यात दूध घातलं तर ना इकडची ना तिकडची होते. कागदाच्या फिल्टरचंही तेच. पण कुठलंही साधन शिळ्या पुडीला वाचवू शकत नाही. दळल्यापासून पंधरा दिवसांत पूड आपला बराचसा वास हरवते, आणि बेळगावचा जून ते सप्टेंबर तर हवेतच पाणी घेऊन येतो; झाकण सैल राहिलं की पुडीचे खडे होतात. म्हणून पावसाळ्यात शंभर ग्रॅमच्या वर आणू नये. पूर्वी समोर दळून मिळायची तेव्हा हा हिशेब आपोआप सांभाळला जाई. नव्वदच्या दशकात आपण जे घालवलं त्यात मला सर्वांत जास्त हळहळ त्या दळण्याची वाटते.

माळ्यावरचा फिल्टर मात्र अजून पुष्कळ घरांत आहे. तीस वर्षांत त्याच्या तळाच्या चाळणीची भोकं जुन्या पुडीने आणि तेलाने बुजलेली असतात. पाणी घातलं तर रात्रभरात चमचाभरही उतरत नाही, आणि मग ‘हा बिघडला’ म्हणून तो मोडीत जातो. तो बिघडलेला नसतो. वरचं भांडं चिमट्यात धरून त्याची चाळणी गॅसच्या ज्योतीवर दोन मिनिटं धरावी, जळलेला कचरा ओट्यावर आपटून झाडावा, चिंचेच्या कोळाने घासावं, आणि भांडं खिडकीसमोर धरून बघावं. सगळ्या भोकांतून उजेड आला की पाणी चढवायला हरकत नाही.