मोटारीच्या इंजिनाचे रीमॅपिंग आणि विमाकंपनीस माहिती देण्याचे कर्तव्य : एक विवेचन

प्रस्तावना

इंजिनात इंधन किती सोडावे, ठिणगी नेमकी केव्हा पडावी, टर्बोचार्जरने हवेचा दाब किती वाढवावा, हे सर्व निर्णय आजच्या मोटारीत एक लहानसा संगणक घेत असतो. या संगणकातील मूळ माहिती बदलून इंजिनाची शक्ती वाढविण्याच्या क्रियेस ‘रीमॅपिंग’ असे म्हणतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील तरुण वाहनधारकांना या प्रकाराचे मोठे आकर्षण आहे. काम तास-दोन तासांत पूर्ण होते, एकही सुटा भाग बदलावा लागत नाही आणि मोटार बाहेरून पूर्वीसारखीच दिसते. मात्र विमाकंपनीने ज्या मोटारीची जोखीम स्वीकारली होती ती हीच मोटार आहे काय, असा प्रश्न त्यातून निर्माण होतो. प्रस्तुत लेखात रीमॅपिंगचे तंत्र, नोंदणीविषयक कायदा आणि विमाकरारातील माहिती देण्याचे कर्तव्य यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

रीमॅपिंगचे तंत्र

इंजिन नियंत्रण संगणकात, म्हणजे ईसीयूमध्ये, अनेक तक्ते साठविलेले असतात. तक्त्याच्या एका बाजूस इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग व दुसऱ्या बाजूस इंजिनावरील भार असतो. दोहोंच्या छेदस्थानी इंधनाचे प्रमाण किंवा ठिणगीची वेळ दर्शविणारा आकडा असतो. या तक्त्यांनाच ‘मॅप’ म्हणतात. निर्माता हे आकडे ठरविताना काही राखीव अंतर ठेवतो. हलक्या प्रतीचे इंधन, कडक उन्हाळा, घाटातील चढ, वेळेवर न झालेली सर्व्हिसिंग आणि प्रदूषणाची कायदेशीर मर्यादा या सर्वांचा विचार त्यामागे असतो. रीमॅपिंग करणारा कारागीर हे राखीव अंतर कमी करतो. स्टिअरिंगखालील निदान जोडणीतून मूळ माहिती वाचली जाते, तक्त्यांतील आकडे बदलले जातात आणि नवी माहिती पुन्हा संगणकात भरली जाते.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात केवळ या बदलाने शक्ती साधारणतः २० ते ३० टक्के वाढू शकते. टर्बो नसलेल्या इंजिनात ही वाढ ५ ते १० टक्क्यांच्या आसपासच राहते. काही वाहनधारक रीमॅपिंगऐवजी ‘ट्यूनिंग बॉक्स’ बसवितात. ही पेटी संवेदकांकडून येणारे संकेत बदलून संगणकाची दिशाभूल करते. ती काढून ठेवता येत असल्याने ‘गाडी मूळ स्थितीत आहे’ असे भासविणे सोपे जाते.

शक्ती वाढली तरी क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायर पूर्वीचेच राहतात, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. फियाटचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन याचे चांगले उदाहरण होय. मारुती स्विफ्टमध्ये ते सुमारे ७५ अश्वशक्तीचे होते, तर एसएक्स ४ या मोटारीत सुमारे ९० अश्वशक्तीचे. ही वाढ साधण्यासाठी निर्मात्याने केवळ तक्ते बदलले नाहीत. वेगळ्या रचनेचा टर्बोचार्जरही बसविला. केवळ संगणकातील आकडे बदलून तेवढीच वाढ साधली, तर जुन्याच भागांवर अधिक ताण पडतो.

नोंदणीविषयक कायद्याची भूमिका

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूलतः दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील, असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सीएनजी किंवा एलपीजी संच बसविण्यासारख्या बदलांना विहित अटींवर मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी प्रादेशिक परिवहन अधिकारी विरुद्ध के. जयचंद्र या प्रकरणात कलम ५२ चा हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

रीमॅपिंग या तरतुदीत बसते काय, याविषयी दोन मते संभवतात. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार, की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, असे म्हटले आहे. संगणकातील आकडे हा रचनेचा भाग नव्हे, असा युक्तिवाद मालक करू शकतो. उलटपक्षी, नोंदणीच्या वेळी अश्वशक्तीची माहिती दिलेली असते. शिवाय पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेने वाहनप्रकारास मान्यता दिली ती मूळ तक्त्यांसह झालेल्या चाचणीच्या आधारे. प्रदूषण नियंत्रणाच्या मर्यादा तर स्वतंत्रपणे बंधनकारक आहेतच. केवळ संगणकप्रणालीच्या बळावर वाहनाचे उत्सर्जन किती बदलू शकते, हे २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणाने जगास दाखवून दिले. त्यामुळे ‘एकही भाग बदलला नाही’ हे समर्थन पुरेसे ठरत नाही.

विमाकराराचे मूलतत्त्व

विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार मानला जातो. वाहनाची खरी माहिती मालकाजवळ असते. कंपनी त्याच्या शब्दावर विसंबून जोखीम स्वीकारते. म्हणून हप्ता ठरविताना किंवा जोखीम स्वीकारावी की नाही हे ठरविताना सुज्ञ विमाकर्त्याच्या निर्णयावर परिणाम करील, अशी प्रत्येक वस्तुस्थिती ‘महत्त्वपूर्ण’ मानली जाते. सागरी विमा अधिनियम १९६३ च्या कलम २० मध्ये ही कसोटी शब्दबद्ध झाली आहे आणि भारतीय न्यायालयांनी ती विम्याच्या अन्य शाखांनाही लावली आहे.

या तत्त्वाचा उगम ज्या इंग्रजी खटल्यात शोधला जातो त्या कार्टर विरुद्ध बोहम या १७६६ च्या खटल्याचा निकाल मात्र विमाकर्त्याच्या विरोधात गेला होता, हे अनेकदा विस्मृतीत जाते. विमाकर्त्यास जे ठाऊक होते किंवा ठाऊक असावयास हवे होते, ते विमेदाराने सांगितले नाही म्हणून करार मोडत नाही, असे लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी म्हटले. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध एम. के. जे. कॉर्पोरेशन या १९९६ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सद्भावाचे कर्तव्य उभयपक्षी असल्याचे नमूद केले.

रीमॅपिंगला ही कसोटी लावली असता उत्तर स्पष्ट मिळते. वाढलेली शक्ती, वाढलेला कमाल वेग व पूर्वीचेच ब्रेक यांची माहिती मिळाल्यास कोणताही सुज्ञ विमाकर्ता किमान विचार तरी करील. म्हणून ही वस्तुस्थिती महत्त्वपूर्ण ठरण्याची शक्यता दाट आहे.

भारतीय मोटार विम्यातील पोकळी

असे असूनही प्रामाणिक वाहनधारकाचा गैरसमज होण्यास येथील व्यवस्थाच वाव देते. खाजगी मोटारीच्या विम्याचा आधार प्रामुख्याने इंजिनाची घनक्षमता, वाहनाचे वय, त्याचे घोषित मूल्य आणि नोंदणीचा विभाग हा राहिला आहे. मुंबई व पुणे ‘अ’ विभागात, तर महाराष्ट्रातील उर्वरित भाग ‘ब’ विभागात मोडतो. त्रयस्थ पक्षाच्या विम्याचे दर १,००० व १,५०० घनसेंटिमीटर या दोन टप्प्यांवर ठरतात. रीमॅपिंगने घनक्षमता तसूभरही बदलत नाही. साहजिकच ‘हप्ता ठरविणारी एकही बाब बदललेली नाही’ असे मालकास वाटते.

सीएनजी संचाची गोष्ट वेगळी आहे. त्याची नोंद आरसी बुकात होते, विमापत्रावर स्वतंत्र पृष्ठांकन मिळते व त्यासाठी जादा हप्ता आकारला जातो. घोषणेचा मार्ग आखलेला असल्याने घोषणा होते. रीमॅपिंगसाठी तसा सर्वमान्य मार्ग आखलेला नाही. भरीस भर म्हणून नूतनीकरण आता बहुधा संगणकाच्या पडद्यावर, आधीच भरलेल्या रकान्यांवर संमतीची खूण करून होते. प्रत्येक नूतनीकरण हा नवा करार असल्याने माहिती देण्याचे कर्तव्यही त्या वेळी नव्याने उद्भवते, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

दावा उद्भवल्यावर

परिणामांचा विचार तीन पातळ्यांवर करावा लागतो. पहिली पातळी यांत्रिक बिघाडाची. वाढीव ताणाने टर्बो किंवा क्लच निकामी झाल्यास विमा मुळात लागूच होत नाही. कारण यांत्रिक व विद्युत बिघाड आणि झीज या बाबी प्रमाणित विमापत्रातून वगळलेल्या आहेत. तेथे प्रश्न निर्मात्याच्या हमीचा असतो आणि संगणकातील फेरफार आढळल्यास ती हमी नाकारली जाऊ शकते.

दुसरी पातळी स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीची. प्रस्तावपत्रातील माहिती सत्य असणे ही विमापत्राची पूर्वअट असते. सर्वेक्षकाला ईसीयूतील माहिती निर्मात्याच्या मूळ माहितीशी ताडून पाहता येते. फेरफार आढळल्यास दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. वाहनाच्या वापराविषयीच्या अटींचा भंग झालेल्या काही प्रकरणांत न्यायालयाने दावा पूर्णतः न फेटाळता ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर अंशतः रक्कम देवविली आहे; नितीन खंडेलवाल यांच्या २००८ च्या प्रकरणात ७५ टक्के रक्कम देण्यात आली. तथापि महत्त्वपूर्ण तथ्य दडविल्याच्या प्रकरणात अशी सवलत हमखास मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

तिसरी पातळी सर्वाधिक गंभीर आहे. अपघातात जखमी झालेल्या पादचाऱ्यास भरपाई कोण देणार? मोटार वाहन अधिनियमाच्या सध्याच्या कलम १५० मध्ये महत्त्वपूर्ण तथ्य दडवून विमापत्र मिळविले असल्यास विमाकंपनीस बचावाची संधी आहे. वाहन परवान्याच्या संदर्भात स्वर्ण सिंह प्रकरणात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा बचावावर मर्यादा घातल्या. भंग मूलभूत असून अपघातास कारणीभूत ठरला, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे, असे सांगितले. कंपनीने आधी पीडितास रक्कम द्यावी व नंतर ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेशही न्यायालये देत आली आहेत. पीडितास यामुळे संरक्षण मिळते. मालकावर मात्र लाखो रुपयांचे दायित्व येऊन पडू शकते.

घोषणा करावी काय?

वरील विवेचनावरून पुढील बाबी निष्पन्न होतात. एक, रीमॅपिंग करण्यापूर्वीच विमाकंपनीस लेखी कळवून लेखी उत्तर घ्यावे. एजंटाचे तोंडी आश्वासन पुराव्यास उपयोगी पडत नाही. दोन, कंपनीने जोखीम नाकारल्यास रीमॅपिंगचा विचार सोडून द्यावा. तीन, रीमॅप केलेली मोटार विकत घेतली असल्यास ती निर्मात्याच्या अधिकृत केंद्रात मूळ स्थितीत आणून त्याची पावती जपून ठेवावी. चार, घोषणा केल्याने बेकायदेशीर बदल कायदेशीर होत नाही. विमा आणि नोंदणी या दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या आहेत. दावा अन्यायाने नाकारला गेल्यास मुंबई व पुणे येथील विमा लोकपालाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. परंतु तेथेही विमेदाराने काय सांगितले होते, हाच प्रश्न प्रथम विचारला जातो.

समारोप

ज्या इंग्लंडमधून परम सद्भावाचे तत्त्व भारतात आले, तेथे ग्राहकांपुरता त्याचा साचा बदलला आहे. २०१२ च्या ग्राहक विमाविषयक कायद्याने स्वतःहून सर्व काही सांगण्याचे कर्तव्य रद्द केले. कंपनीने प्रश्न विचारावेत आणि ग्राहकाने चुकीची माहिती जाऊ नये याची वाजवी दक्षता घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. निष्काळजीपणाने चूक झाली व खरी माहिती असती तर कंपनीने केवळ अधिक हप्ता घेतला असता, अशा वेळी दावा प्रमाणात कमी होतो. उदाहरणार्थ, १०,००० रुपयांऐवजी ८,००० रुपये हप्ता घेतला गेला असेल, तर २ लाखांच्या दाव्यापोटी १ लाख ६० हजार रुपये द्यावे लागतात. हेतुपुरस्सर दडविणाऱ्यास मात्र तेथेही दया नाही.

भारतातही प्रस्तावपत्रात ‘इंजिनाच्या संगणकप्रणालीत फेरफार केला आहे काय?’ एवढा एक सरळ प्रश्न समाविष्ट झाला, तर अनेक वाद मुळातच टळतील. तोपर्यंत न विचारलेल्या प्रश्नाचेही खरे उत्तर देण्यातच वाहनधारकाचे हित आहे. रीमॅपिंग डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच त्याबाबतीत विमेदाराच्या शब्दाचे मोल अधिक आहे.