तेल कोठून गळते ते आधी शोधा

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारातील गाड्या निघून गेल्या की मागे फरशीवर काळे डाग उरतात. ‘गाडी जुनी झाली, थोडे तेल सांडायचेच’ असे म्हणून आपले बांधव तिकडे दुर्लक्ष करतात. खानापूर-चंदगडकडील कितीतरी घरांत जुनी विकत घेतलेली डिझेल जीप आहे. तीच बटाटे आणि रताळी बेळगावच्या बाजारात नेते आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात पोचवते. म्हणून या वेळी शेतीच्या पानावर आम्ही जीपच्या तेलगळतीचा विषय घेतला आहे.

आधी थोडा हिशेब करू. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दर मिनिटाला एकच थेंब गळत राहिला तर दिवसरात्र मिळून ७२ मिलिलिटर आणि महिन्याला दोन लिटरांवर तेल जाते. जीपच्या इंजिनात मुळात तेल मावते ते पाच लिटरांच्या आसपास. पातळी फार उतरली की पंप हवा ओढू लागतो, बेअरिंगे कोरडी पडतात आणि क्रँक खराब होतो. मग एका गॅस्केटच्या कामाऐवजी सबंध इंजिन उघडण्याचा खर्च येतो. तो बहुधा कर्ज काढूनच करावा लागतो.

गाडीखाली तेल दिसले की मालक घाबरतो आणि मिस्त्री लगेच म्हणतो, “मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” कधी ते खरे असते, पण पुष्कळदा नसते. तेल वरून खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते. त्यामुळे वरच्या टॅपेट कव्हरातून निघालेले तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरून बरोबर मागच्या सीलखाली थेंब धरते. थेंब पडतो त्याच जागी गळती आहे असे समजू नये. हरवलेली वस्तू संत अंतोनी शोधून देतात अशी आपली श्रद्धा आहे, पण गळती शोधायला ब्रश आणि बॅटरीच हातात घ्यावी लागते.

पहिली गोष्ट, ते इंजिनाचेच तेल आहे का हे पाहावे. डिझेल इंजिनाचे तेल काळेकुट्ट असते. गिअरचे तेल घट्ट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचे तेल पातळ असते आणि ते रंग खाते. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर एक दिवसही थांबू नये. मागच्या धुऱ्याचे तेल ब्रेकच्या लायनिंगवर उतरले, किंवा ब्रेकचेच तेल निघून गेले, तर चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटात भरलेली गाडी थांबवणे कठीण होईल.

इंजिनाचेच तेल ठरले, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर डिझेल आणि ब्रशने वर्षानुवर्षांचे किटण काढावे. त्याआधी डायनॅमो किंवा अल्टरनेटर आणि हवेच्या फिल्टरचे तोंड प्लॅस्टिकने बांधून घ्यावे. तापलेल्या डिझेल पंपावर गार पाणी कधीही मारू नये, पंप आतून अडकण्याचा धोका असतो. इंजिन पुसून कोरडे झाले की संशयाच्या जागांवर खडूची पूड किंवा साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे. मग ते बंद करून बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहत यावे. पांढऱ्या पुडीवर जेथे सर्वांत वर काळी रेघ उमटली असेल तेथे गळतीचे मूळ आहे. एवढ्यात काही दिसले नाही तर रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरावा आणि त्याच्यावर पुढची-मागची बाजू लिहून ठेवावी. इंजिन चालू असताना पंख्याजवळ टॉवेल, ओढणी, पदर नेऊ नये आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी शिरू नये.

आता एक कारण आम्हाला मुद्दाम सांगायचे आहे, कारण ते सर्वांत स्वस्त असूनही सर्वांत शेवटी पाहिले जाते. ते म्हणजे ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदरची नळी असते. ती किटणाने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येते, आज पुढून तर उद्या मागून. अशा इंजिनाला कितीही नवी सीले घाला, ती पुन्हा ओली होणार. ब्रीदर उतरवून डिझेलने धुवायला पैसे लागत नाहीत. धुतल्यावरही, इंजिन मंद चालू असताना तेल भरायच्या तोंडातून जोराचे भपके येत असतील आणि सायलेन्सरातून निळा धूर निघत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. मग गॅस्केटवर पैसा घालण्यात अर्थ नाही. तेल खुणेच्या वर भरण्याची सवयही वाईटच.

ब्रीदर मोकळा असेल तर वरून सुरुवात करावी. टॅपेट कव्हर पत्र्याचे असते. त्याचे नट जोर लावून आवळले की पत्रा वाकतो, कॉर्कचे गॅस्केट चेपते आणि गळती वाढते. पत्रा सपाट करून, नवे गॅस्केट घालून नट थोडेथोडे, आळीपाळीने आवळावेत. फिल्टर बदलताना जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर तेलाची धारच लागते. ड्रेन नटाचा तांब्याचा वॉशर बदलावा. तेलाच्या दाबाचा स्विच पाझरत असेल तर तो बदलायला फार वेळ लागत नाही.

पुढच्या पुलीचे सील बदलूनही गळत असेल तर पुलीच्या गळ्यावर नख फिरवावे. जुन्या सीलने तेथे खाच पाडलेली असते, म्हणून नवे सीलही टेकत नाही. चांगला मिस्त्री सील किंचित पुढे-मागे बसवतो किंवा पुलीवर बाही चढवतो.

हे सगळे कोरडे असूनही क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून काळे तेल येत असेल, तर मात्र मागचे सील गेले असे धरावे. ते भोक बुजवू नये. बुजवल्यास तेल आत साचून क्लच प्लेटला लागते आणि चढावर गाडी ओढत नाही. गिअरबॉक्स उतरवायचाच असेल तर क्लच प्लेटही त्याच वेळी पाहून घ्यावी म्हणजे मजुरी दोनदा पडणार नाही. काही जुन्या इंजिनांत मागे रबरी सील नसून दोरीचे पॅकिंग असते. तेथे थोडी ओल राहतेच, तिच्यासाठी इंजिन उघडू नये.

गळती थांबवणाऱ्या औषधांच्या बाटल्या मिळतात. त्या रबर फुगवतात, पण फाटलेले गॅस्केट सांधत नाहीत. सिलिकॉनचा लेप भरमसाट लावण्यानेही नुकसान होते. आत सुटलेले तुकडे तेलाच्या जाळीवर बसून पंपाची वाट अडवतात.

जुनी जीप घ्यायला जाल तेव्हा नुकतेच धुऊन चकचकीत केलेले इंजिन पाहून भुलू नये. अर्धा तास गाडी चालवावी, मग खाली वाकून पाहावे.

काढलेल्या तेलाबद्दलही सांगायला हवे. पुष्कळ जण हे काळे तेल गुरांच्या गोचिडांवर चोळतात, स्वतःच्या खरजेला लावतात, राहिलेले बांधावर ओततात. तसे करू नये. वापरलेले इंजिन ऑइल उंदरांच्या कातडीवर दीर्घकाळ लावल्याच्या प्रयोगांत कातडीचा कर्करोग झाल्याचे आढळले आहे. गुरे तर अंग चाटतात, म्हणजे तेच तेल त्यांच्या पोटात जाते. गोचिडांसाठी पशुवैद्याकडून औषध आणावे. विहिरीजवळ ओतलेले तेल झिरपून पाण्यात उतरते आणि त्या पाण्याला वास येऊ लागतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात धरले जाते. ते झाकणाच्या डब्यात साठवून, अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्यावे. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे आणि तो मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये. काम झाल्यावर हात डिझेलने न धुता साबण आणि लाकडाच्या भुशाने धुवावेत, तेल लागलेले कपडे वेगळे भिजवावेत, आणि तेलकट चिंधी खिशात कोंबून घरी आणू नये.