आकाशात काही दिसले? आधी घड्याळ पाहा

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे रांगेने सरकत गेले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र, उडती तबकडी, मोबाइलवर सगळ्यांची हजेरी लागली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पवनपारजवळ धागे गुंडाळल्यासारखा गोळा सापडला. (ते पवनपार, वर्ध्याजवळचे पवनार नव्हे. गावाचे नाव तालुक्यासकट लिहायचे ते यासाठीच.)

आधी बोट दाखवले गेले ते त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटकडे. पुढे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हा फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी ‘चांग चेंग 3बी’ रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, असे सांगितले. म्हणजे तज्ज्ञ काय म्हणतात यापेक्षा कशाच्या आधारे म्हणतात, हे महत्त्वाचे.

पवनारला धाम नदीच्या काठावरून असे काही दिसलेच, तर शेजाऱ्याशी चर्चा करण्याआधी वेळ, दिशा आणि किती सेकंद दिसले ते लिहून काढा. हात ताठ धरून क्षितिजावर मूठ ठेवली की उंची सुमारे 10 अंश. उल्का सहसा काही सेकंदांत विझते. कक्षेतला कचरा मिनिटभरही रेंगाळतो. व्हिडिओची मूळ फाइल जपा. फॉरवर्डमध्ये चित्रीकरणाची वेळ बहुधा उरत नाही. तुकडा सापडला तर हात न लावता पोलिसांना कळवा.